जाळीतला पळपुट्या

बिरदेव गडदे माझ्या कुपवाडच्या वर्कशॉपात लेथ चालवतो. त्याचं तोंड बघून कुणी म्हणणार नाही की हा गडी कित्येक वर्षं जाळीत लढत होता. नाक सरळ आहे. कान जागच्या जागी आहेत, तालमीतल्या पोरांचे चुरगळून भजी होतात तसे झालेले नाहीत. दात सगळे स्वतःचे. लोकांची त्याच्याविषयीची मुख्य तक्रार हीच होती. लढणाऱ्या माणसाचं तोंड असं असतं का, असं ते मलाच विचारायचे, जणू त्याचं नाक मी कपाटात जपून ठेवलं होतं.

जाळी म्हणजे काय ते आधी सांगतो. शहरात तिला एमएमए म्हणतात. आमच्याकडे तेवढी जीभ वळवायला कुणाला वेळ नाही, म्हणून 'जाळीतली कुस्ती'. आठ कोनांचा आखाडा, भोवती उंच जाळी, आत दोघं आणि एक पंच. ठोसा, लाथ, गुडघा, पकड, सगळं चालतं. एकानं हार मानून हातानं जमीन थोपटली, कुणी बेशुद्ध पडला किंवा पंचानं थांबवलं की लढत संपली. नाहीतर तीन फेऱ्या होतात आणि बाहेर बसलेले परीक्षक गुण मोजून निकाल देतात. आता हे नियम पंच आणि परीक्षक यांच्यासाठी. तिकीट काढून आलेल्या माणसाचा नियम एकच असतो, तो म्हणजे कुणाचं तरी रक्त निघालं पाहिजे. निघालं नाही तर त्याला आपल्याला कुणीतरी फसवल्यासारखं वाटतं.

बिरदेव जत तालुक्यातला, धनगराचा पोरगा. बाप आकाराम अजून मेंढरं घेऊन हिंडतो. पोरगं सांगलीला आयटीआय शिकलं आणि माझ्याकडे लागलं. संध्याकाळी सुटी झाली की हा माधवनगरला जायचा. तिथं एका बंद मिलच्या शेडमध्ये एकानं गाद्या टाकून जाळीतल्या कुस्तीचा क्लास काढला होता. मला त्याचा पत्ता नव्हता. एके दिवशी त्यानं लढतीसाठी रजा मागितली आणि वर म्हणाला, "मालक, कोपऱ्यात बादली आन् टॉवेल धराय कुणीतरी लागतंय." मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्याला मार बसलेला बघायला गेलो. रजा मागताना त्याचा चेहरा इतका शांत होता की मला राग आला होता.

त्या दिवशी त्याच्यासमोर कराडचा एक दांडगा गडी होता. घंटा झाली तसा त्यानं पहिलाच ठोसा असा फिरवला की लागला असता तर बिरदेव थेट जतला पोचला असता. बिरदेव तिथं नव्हता. अर्धं पाऊल बाजूला सरकला होता. दुसरा ठोसा आला, तिथंही नव्हता. मग ह्यानं त्याच्या मांडीवर एक सपकन लाथ घातली आणि पुन्हा सरकला. सगळी लढत असंच चाललं. मधेच त्यानं त्या गड्याचे पाय गोळा करून त्याला खाली घेतलं आणि घंटा होईपर्यंत दाबून ठेवलं. कराडच्या गड्याचे हात वाऱ्याला मारून मारून गळून गेले. निकाल लागला, बिरदेव गुणांवर जिंकला, आणि मैदानात शिव्यांचा पाऊस पडला.

"हा लढाय आलाय का प्रदक्षिणा घालाय?" असं एकजण ओरडला आणि त्याच्या मागचा म्हणाला की नारळ द्या त्याला. हशा झाला. पाण्याच्या पिशव्या जाळीवर येऊन फुटल्या. पळपुट्या हे नाव त्याच दिवशी पडलं. आमच्या भागातल्या माणसाला घरात बायको रागानं बघायला लागली तर तो शेताकडे निघून जातो, पण जाळीतल्या गड्यानं एक पाऊल मागं घेतलेलं त्याला खपत नाही.

बिरदेवनं त्या लढतीचा व्हिडिओ फोनवर बापाला दाखवला. आकारामनं सगळा बघितला आणि विचारलं, "तुला लागलं का?"

"न्हाई."

"मग जिकलास की." एवढं बोलून म्हातारा मेंढरं पाण्यावर घेऊन गेला. जाळीतल्या कुस्तीवर मी ऐकलेलं हे एकमेव शहाणं बोलणं. पण आकारामला कुणी तिकीट विकत नव्हतं.

तिकीट विकायचे लालासाहेब. त्यांना सगळे बापू म्हणतात. कृष्णाकाठी ऊस, हायवेला धाबा, आणि त्यातून उरलेल्या हौसेपोटी काढलेली 'आरपार फायटिंग लीग'. बापूंच्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो बापूंचा, त्याखालोखाल बापूंच्या नेत्यांचा, मग बापूंच्या चिरंजीवांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि अगदी खाली, खांबाला दोरी बांधतात तिथं, लढणारी दोन पोरं. त्या पोरांच्या तोंडावरून दोरी जायची. बापूंचं म्हणणं साधं होतं, लोकांना काय पाहिजे ते द्यायचं. लोकांना काय पाहिजे हे बापूंना कसं कळायचं, तर बापू स्वतःच्या मनाला विचारायचे.

मैदानात माईक नानासोंच्या हातात असायचा. नानासोंचा सगळा जन्म कुस्तीच्या फडात निवेदन करण्यात गेला. आवाज असा की पलीकडच्या गावातली गुरं दावं तोडतील. साध्या हप्ता डावाचंसुद्धा ते असं वर्णन करायचे की ज्यानं मारला त्यालाही नवल वाटायचं. बिरदेव जाळीत उतरला की मात्र बिचाऱ्यांची पंचाईत व्हायची. काय सांगणार? गडी उजवीकडे सरकला, गडी डावीकडे सरकला? बिरदेवच्या लढतीत नानासोंनी देणगीदारांची नावं वाचून संपवली, पुन्हा वाचली, मग मोटारसायकली कुठं लावायच्या त्याच्या सूचना दिल्या. तेवढ्यात बिरदेव जिंकलेला असायचा.

आता शंभूराज. शंभूराज वाळव्याकडचा, बागायतदाराचा पोर. चुलते फौजेत, बाप लवकर गेलेला, घरात आई मनुबाई आणि हा. लहानपणापासून तालमीत घोटलेलं अंग, दिसायला राजबिंडा. लोकांनी त्याला वाघ केलं होतं. ह्या वाघाची एक खोड होती. लढत रंगात आली की तो दोन्ही हात खाली सोडायचा, हनुवटी पुढं करायचा आणि समोरच्याला म्हणायचा, "मार की!" समोरचा मारायचा. तो का नाही मारणार? एक बसायचा, दुसरा बसायचा, भुवई फुटायची, आणि शंभूराज रक्ताळलेल्या तोंडानं हसून लोकांकडे बघायचा. मैदान वेडं व्हायचं. मग कधीतरी त्याचा एक ठोसा लागायचा आणि समोरचा आडवा व्हायचा. कधीकधी त्याच्या आधी हाच आडवा व्हायचा. त्याचं लोकांना काही नसायचं. उठवून खांद्यावर घ्यायचे.

गंमत अशी की वाघ आणि पळपुट्या एकाच शेडमध्ये शिकले आणि एकमेकांचे जिवाभावाचे होते. सरावात बिरदेव त्याला सारखा सांगायचा की गड्या, हात वर धर. शंभूराज एकदा माझ्यासमोरच त्याला म्हणाला, "हात वर धरलं की लोकांस्नी तोंड दिसत न्हाई रं." चेष्टेत म्हणाला असं मला तेव्हा वाटलं. तसं नव्हतं.

मागच्या वर्षी एका सकाळी शंभूराज वर्कशॉपवर आला. बिरदेव लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावत होता म्हणून मी त्याला बसवलं, चहा पाजला. इकडचं तिकडचं बोलला आणि गेला. मी हातातलं काम पुरं करतोय तोवर दारात पुन्हा उभा. "बिरदेव हाय का आत?" मी म्हणालो, आता तर येऊन गेलास. तो हसला. चहा घेणार का विचारलं तर म्हणाला, द्या, सकाळपासून घेतला नाही. मला वाटलं पोरगं माझी फिरकी घेतंय. मीही हसलो. बिरदेवनं मशीन बंद केलं आणि हात पुसत बाहेर आला. तो हसत नव्हता.

त्यानंच त्याला मिरजेला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. मनुबाईही गेली होती. डॉक्टरांनी फोटो काढून, तपासून स्पष्ट सांगितलं की ह्या डोक्याला आता ठोसा चालणार नाही. कमी नाही, हळू नाही, एकही नाही. पुढं काय होईल तेही सांगितलं. बोलणं जड होईल, माणसं ओळखू येणार नाहीत, आणि ते गेलेलं परत येणार नाही. शंभूराजनं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन चुलत्यांना फोन लावला की डॉक्टर म्हणाले थोडी विश्रांती घे.

विश्रांती पंधरवडाभर टिकली. पुढं तासगाव रस्त्यावरच्या एका गावाची जत्रा आली आणि बापूंनी वाघाची लढत जाहीर केली. समोर कोण ते ठरायचं होतं. बेळगावकडचा एक ठोसेबाज त्यांच्या डोळ्यासमोर होता. त्याला लोक हातोडा म्हणत आणि ते नाव कौतुकाचं नव्हतं, वर्णनाचं होतं. बिरदेव मला घेऊन बापूंच्या धाब्यावर गेला.

बापूंनी सगळं ऐकलं. मग मोठ्या मायेनं सांगितलं की आपण काय कसाई नाही, पोराचा फिटनेसचा दाखला घेतलाय. दाखला मी बघितला. तो दाताच्या डॉक्टरचा होता. मी तसं म्हणालो, तर बापू म्हणाले, "दात काय डोक्याच्या भायेर असत्यात व्हय?" शेजारी बसलेली चारपाच माणसं हसली. बापूंच्या शेजारी बसणाऱ्यांना तेच काम असतं.

बिरदेव म्हणाला, "बापू, मग हातोडा नगं. शंभूसमोर मला उभा करा."

बापूंनी आधी नाही म्हणून मान हलवली. पळपुट्याची लढत बघायला कुत्रं येत नाही, हे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पळपुट्या लोकांना आवडत नाही हे खरं, पण पळपुट्याला वाघानं फाडलेलं बघायला सगळा जिल्हा येईल. दोन दिवसांत चौकाचौकात फ्लेक्स लागले. 'वाघ विरुद्ध पळपुट्या. निकाली लढत.' निकाली हा शब्द आमच्या कुस्तीतला. बरोबरी नाही, गुण नाहीत, एकाची पाठ लागेपर्यंत झुंजायचं. जाळीच्या नियमात असं काही नसतं, पण फ्लेक्सवर काय छापावं ह्याला नियम नाही.

परत येताना बिरदेवनं गाडीवर मागं बसून मला त्याचा बेत सांगितला. तीन फेऱ्या लढायचं. शंभूराजच्या मानेच्या वर एकही ठोसा मारायचा नाही. त्याला दमवायचं, धरून ठेवायचं, वेळ काढायचा. जिंकलो तर जिंकलो. एकदा पळपुट्याशी हरला की वाघाची हवा जाईल, मग बापूच त्याला विचारणार नाहीत. मी म्हणालो, अरे, तो तुला मारेल त्याचं काय? तर म्हणाला, मी कुठं मार खातो? मला त्याच्या ह्या बोलण्याचाही राग आला, पण गाडी चालवत होतो म्हणून गप्प बसलो.

जत्रेचा दिवस. उन्हं उतरायला लागली होती. माणूस तर इतकं की झाडावरसुद्धा जागा नव्हती. हलगी कडाडत होती. नानासोंनी वाघाचं नाव घेतलं तेव्हा मैदान हाललं, आणि बिरदेवचं घेतलं तेव्हा लोकांनी आधीच गोळा करून ठेवलेल्या शिव्या बाहेर काढल्या. पंच पुण्याचा होता, मराठी कमी, इंग्रजी जास्त. त्यानं दोघांना मधे बोलावलं. शंभूराजनं बिरदेवला मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं. कोपऱ्यात आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला? बिरदेव म्हणाला, "समोरचा कोण हाय, असं इचारत हुता."

पहिली फेरी बिरदेवनं ठरवल्याप्रमाणे काढली. शंभूराज ठोसे फिरवत होता, बिरदेव नव्हता तिथं ते पडत होते. बिरदेव फक्त मांड्यांवर लाथा मारत होता, तेही बेतानं. दुसऱ्या फेरीत त्यानं शंभूराजला जाळीला टेकवून नुसतं कवटाळून धरलं. बाहेरून वाटावं भाऊ भावाला भेटतोय. शंभूराजनं हात खाली सोडले, हनुवटी पुढं केली आणि ओरडला, "मार की!" समोर उघडी हनुवटी, हातभर अंतर. लेकरानं मारला असता तरी लागला असता. बिरदेवनं वाकून त्याच्या पोटाला मिठी घातली.

आता मात्र लोकांचा संयम संपला. धोतर नेसलेले, शुद्ध शाकाहारी, घरात पाल दिसली तर खुर्चीवर चढणारे लोक जाळीला लोंबकळून 'फोड त्याला' म्हणून ओरडत होते. एका इसमानं बिरदेवला चप्पल फेकून मारली, ती पंचाला लागली. बापू पहिल्या रांगेतून मला खुणेनं सांगत होते की तुझ्या गड्याला लढायला सांग. मी टॉवेल पिळत राहिलो. माझ्या लेखी आत जे चाललं होतं त्याहून मोठी लढत ह्या जिल्ह्यात झाली नव्हती, आणि ती बघणारा मी एकटा होतो. ह्याचं मला फार वाईट वाटत होतं.

तिसरी फेरी सुरू झाली. दोघंही दमले होते. बिरदेव पुन्हा मिठी घालायला गेला आणि तिथं शंभूराजचं लहानपण जागं झालं. डोकं विसरलं असेल, अंग तालमीतलं होतं. त्यानं बगलेत हात घालून अशी ढाक मारली की बिरदेव हवेत फिरून पाठीवर पडला. सपाट. दोन्ही खांदे जमिनीला. वर शंभूराज.

जाळीच्या नियमात पाठ लागण्याला काही किंमत नाही. अर्धी लढत पाठीवरच होते, खालचा माणूस वरच्याला हरवू शकतो. पण हे त्या मैदानाला कोण सांगणार? ह्या मुलखात पाठ लागली की बाप मुलाशी आठ दिवस बोलत नाही. नानासोंच्या तोंडातून उभ्या जन्माची सवय बाहेर पडली. "चीऽऽत! पाठ लागली! वाघानं चीत केला!" हलगी फुटायच्या बेताला आली. फेटे उडाले, जाळीवरून गुलाल आत आला. आणि सगळ्यात कहर म्हणजे खुद्द शंभूराजलाही ते पटलं. त्यानं बिरदेवला सोडलं, उठला, दोन्ही हात वर केले आणि जाळीवर चढून लोकांना मुजरे करायला लागला. पंच घसा फोडून सांगत होता की लढत चालू आहे. त्याच्याकडे बघतंय कोण!

बिरदेव तसाच पडून होता. शंभूराजची पाठ त्याच्याकडे, मान उघडी, हात वर. तो उठून काहीही करू शकला असता. मी जाळीपाशी जाऊन हळूच म्हणालो, ऊठ, संपलेली नाही. तर पडल्यापडल्या म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मालक. झालं की काम."

मला तेव्हा उमगलं. तो आता हात थोपटून हार मानणार होता. एकदाही न हरलेला हा गडी सगळ्या जत्रेसमोर चीत झाला म्हणून घरी जाणार होता, कारण शंभूराजचं डोकं त्या संध्याकाळपुरतं सुटलं होतं. पाठ लागल्याचं आमच्याकडे पोरानातवंडांपर्यंत ऐकावं लागतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं. गुलालाचं निमित्त होतं म्हणून बरं.

आणि तेवढ्यात बापू उठले. त्यांनी नानासोंच्या हातातून माईक काढून घेतला. म्हणाले, आपल्या वाघानं पळपुट्याला मातीत घातलेलं आहे, आणि ह्याच जागेवरून मी जाहीर करतो की पुढच्या महिन्यात साताऱ्यात वाघ विरुद्ध हातोडा. मैदान फुटलं. कुणीतरी जाळीवर बसलेल्या शंभूराजच्या तोंडापुढं माईक धरला. तो त्यात ओरडला, "मार की!" आणि हजारो लोक त्याच्यामागून ओरडले.

बिरदेवनं डोळे मिटले. मग उठला. शांतपणे चालत गेला आणि शंभूराजच्या पोटरीला हात लावला. "शंभू, अजून सुटली न्हाई. खाली ये."

शंभूराज हसत खाली उतरला आणि हात पसरून त्याच्यावर आला. पुढचं सगळं फार झटपट झालं. बिरदेवनं त्याचा उजवा हात धरला, स्वतः पाठीवर गेला, पाय त्याच्या छातीवरून टाकले आणि कोपर आपल्या मांडीवर सरळ केलं. कोपर सरळ झाल्यावर माणूस दुसऱ्या हातानं जमीन थोपटतो. थोपटावीच लागते.

हलगी थांबली. मी जाळीला लागूनच होतो, मला दोघांचं ऐकू येत होतं.

"थोपट, शंभू."

पंच वाकून बघत होता.

"थोपट गड्या. तुझ्या पाया पडतो."

शंभूराजनं मान वळवली. लोकांना तोंड दिसेल अशी वळवली, आणि हसला. "मोड की."

बिरदेवनं मोडला.

आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. पंच धावला, डॉक्टर धावले, शंभूराज कोपर धरून कण्हत कुशीवर वळला. आणि मग लोक उठले. त्यांना एवढे दिवस जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. "बिरदेव! बिरदेव!" मी एवढी वर्षं बादली धरली, पण त्याच्या नावाचा असा पुकारा पहिल्यांदा ऐकला. नानासोंनी तेवढ्यात माईक परत मिळवला होता आणि 'जतचा ढाण्या' म्हणून नवीन सुरुवात केली होती. मघाचा चप्पलवाला एका पायात चप्पल घालून लंगडत आला आणि मला म्हणाला की पैलवानाबरोबर एक फोटो काढू द्या. बापू जाळीच्या दारात उभे होते. त्यांचा वाघ स्ट्रेचरवर चालला होता, त्याच्याकडे न बघता त्यांनी बिरदेवला हात केला. "आता कसं! हे पाहिजे हुतं की रं. एवढे दिस कुठं दडवलं हुतंस?"

बिरदेव माझ्या बादलीत ओकत होता.

नंतर एकदा मी त्याला विचारलं, हात सोडता आला नसता का? म्हणाला, आला असता. मशीनवर जॉब होता, तो पुरा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग पुढल्या म्हैन्यात सातारा हुतं, मालक."

शंभूराजच्या कोपरात पट्टी घातली, स्क्रू मारले. साताऱ्याची लढत गेली. बिरदेव त्याला बघायला गावी गेला, तर मनुबाईनं त्याला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. सुटीवर आलेल्या चुलत्यांनी गावातून हाकलून लावलं. एवढं झाल्यावर बिरदेवनं जाळी सोडली. बापूंचे फोन घेतले नाहीत. आता तो माधवनगरच्या शेडमध्ये संध्याकाळी पोरांना शिकवतो. तीन महिने शिकून हात वर धरण्यापलीकडे पोराला काही येत नाही, अशी आईबापांची तक्रार आहे. कुपवाडच्या चौकात मात्र अजून कुणीतरी गाडी थांबवून त्याच्या खांद्यावर हात टाकतो, फोन पुढं करतो आणि म्हणतो, "हाडमोड्या, हास की जरा." लोकांचं प्रेम हे असं आहे. ते मिळवायला एकदाच काहीतरी घाण करावं लागतं.

परवा दुपारी मनुबाई वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. एकटीच एसटीनं आली होती. मला वाटलं आता तोंड सोडणार. बिरदेवनं मशीन बंद केलं आणि खाली मान घालून उभा राहिला. मी स्टूल पुसून दिलं. ती बसली, पाणी प्याली, चहा नको म्हणाली. हात बरा झाला, असं तिनं सांगितलं. पट्टी चांगली बसली. वैरणीचा भारा उचलतो, सकाळी जोर काढतो. मी म्हणालो, चांगलं झालं. ती म्हणाली, व्हय.

मग तिनं बिरदेवला जवळ बोलावलं. काल लालासाहेब बापू गाडी घेऊन घरी आले होते, म्हणाली. फोनमधे नवा फ्लेक्स दाखवला. हातोडाच आहे. पोरगं लगेच हो म्हणालं. साहेब जाऊन गाडीचा धुरळा बसायच्या आत तिला विचारत होतं, आई, आत्ता कोण आलं होतं?

तिनं बिरदेवचा तेलकट हात आपल्या दोन्ही हातात घेतला. रडत नव्हती. आवाज अगदी साधा होता.

"तुला लय शिव्या घातल्या रं मी. एका हातानं चार म्हैनं पुरीवलं. आता दुसरा मोड, बाबा."